वाचक विचारतात : खाण बंद झाली, तरी पाणी लाल का?

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे खाणींविषयीची पत्रे वाढतात, आणि त्यातली बहुतेक गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांतून येतात. यंदा एक पत्र विदर्भातूनही आले आहे. मिळत्याजुळत्या पत्रांचा एकच प्रश्न केला आहे आणि वाचकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या वाड्यावरची खाण २०१२ सालापासून जवळजवळ बंदच आहे. ट्रक नाहीत, यंत्रे नाहीत. तरी दर आषाढात शेताच्या वरच्या कोपऱ्यातून लाल पाणी शिरते आणि ओसरल्यावर बोटभर जाडीचा थर ठेवून जाते. त्यातून भाताचा कोंब वर येत नाही. खाण बंद असताना हे पाणी येते कुठून, आणि शेत पुन्हा धरायचे असेल तर काय करावे? (एक शेतकरी, डिचोली तालुका)

उत्तर : आपल्या प्रश्नातच एक गृहीत दडलेले आहे, आणि ते आपल्या एकट्याचे नाही. खाण म्हणजे खणण्याचे काम, ते थांबले की त्रास थांबला, असे आपण सगळेच धरून चालतो. गोव्यात मात्र एक टन लोहखनिज काढण्यासाठी साधारण अडीच ते तीन टन माती आणि दगड हलवावा लागतो. खनिज बार्जमधून मांडवी-झुआरीच्या वाटेने मुरगावला आणि तिथून परदेशी गेले. माती मात्र इथेच राहिली. खाणीवरची माणसे तिला ‘रिजेक्शन’ म्हणतात आणि तिच्या डोंगराला ‘डंप’. खाण बंद झाल्याने हा डंप कुठे जात नाही. उलट, खाण चालू असताना पायथ्याची भिंत दुरुस्त करणारा, चर उपसणारा कोणीतरी पगारी माणूस असतो; खाण बंद पडली की तोही निघून जातो. म्हणून बंद खाणीखालच्या शेताला चालू खाणीखालच्या शेतापेक्षा जास्त गाळ आला, असेही घडते.

हा गाळ अडवणे इतके अवघड का, हे एकदा घरीच पाहा. शेतात शिरणारे पाणी काचेच्या उंच बरणीत भरून खिडकीत ठेवा. जाड वाळू आपल्या डोळ्यांदेखत तळाशी जाईल, रात्रीपर्यंत निम्मी लाली खाली बसेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळीही वरचे पाणी गढूळच असेल. पन्नास मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर पाण्यात एक मीटर उतरायला सात-आठ मिनिटे घेतो. दोन मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला त्याच एका मीटरसाठी तीन दिवस लागतात. आता हिशेब आपणच करावा. दहा हेक्टरच्या डंपावर एका दिवसात दोनशे मिलिमीटर पाऊस पडला (आपल्याकडे आषाढात असे दिवस येतातच), तर वीस हजार घनमीटर पाणी झाले. पायथ्याशी गाळ बसवण्यासाठी चार हजार घनमीटरचे तळे असेल आणि त्या पाण्यातला बहुतेक भाग तळ्यात उतरत असेल, तर ते पाणी तिथे जेमतेम पाच तास थांबते. ज्या कणाला तीन दिवस हवेत त्याला पाच तास मिळाले, तर तो थेट आपल्या शेतातच येऊन बसणार. आणि ते तळे गेल्या वर्षीच्या गाळाने आधीच अर्धे भरलेले असेल, तर पाच तासही मिळत नाहीत. मे महिन्यात तळे उपसले का, हा एक प्रश्न विचारला तरी पुढच्या पावसाळ्याचे भविष्य बरेचसे कळते.

शेतातला थर सुकला की त्याच्या कौलासारख्या खपल्या होतात. या मातीत सेंद्रिय अंश जवळजवळ नसतो, कण अतिबारीक असतात, त्यामुळे पाणी खाली मुरत नाही आणि हवा मुळांपर्यंत पोहोचत नाही. दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. भाताच्या शेतात पाणी साचून राहिले की गाळातल्या लोहाचा काही भाग विरघळतो आणि मुळांवाटे रोपात शिरतो. पानांवर तपकिरी ठिपके पडून ती तांबूस दिसू लागतात. पुष्कळ शेतकरी याला करपा समजून औषध मारतात. अशा शेतात हिरवळीचे ताजे खत गाडले तर ते कुजताना जमिनीतला प्राणवायू आणखी संपतो आणि त्रास वाढतो. म्हणून आधी थर खरवडून शेताबाहेर काढावा, तो पुन्हा व्हाळात (ओढ्यात) टाकू नये, निचऱ्याचा चर मोकळा करावा, मधून मधून पाणी सोडून जमीन उघडी पडू द्यावी, आणि खत घालायचे तर पूर्ण कुजलेले शेणखत घालावे. पालाश कमी असेल तर लोहाचा त्रास अधिक दिसतो, तेव्हा विभागीय कृषी कार्यालयातून माती तपासून घेतलेली बरी. गाळ ओला असतानाच तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. दिवाळीनंतर नांगरलेल्या शेतात गाळ दाखवता येत नाही, आणि भरपाईचे अर्ज फेटाळले जाण्याचे हेच एक मोठे कारण असते.

प्रश्न : खाण खोल गेली तशा आमच्या वाड्यावरच्या विहिरी आटल्या. आता खाणीचा खंदक पाण्याने काठोकाठ भरलेला आहे, पाणी निळेशार दिसते. विहिरींनाही थोडे पाणी येऊ लागले आहे. हे पाणी प्यावे का? (एक वाचक, सत्तरी)

उत्तर : गोव्याच्या खाणपट्ट्यात जमिनीखालचा क्रम साधारण असा असतो : वर जांभा, त्याखाली ढेकळांचे खनिज, मधे मातीचे थर, आणि त्याखाली भुकटी खनिज. जांभ्यात पाणी मुरते आणि त्यावर आपल्या उथळ विहिरी, झरी, कुळागरे (सुपारीच्या बागा) चालतात. खालचे भुकटी खनिज स्वतःच पाण्याचा साठा असते, कारण ते सच्छिद्र आहे. म्हणजे जो थर काढून विकायचा, त्यातच पाणी. तो थर कोरडा केल्याशिवाय खणता येत नाही, म्हणून खंदकात रात्रंदिवस पंप चालतात. काही खंदकांचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली गेलेला आहे. त्या खोलीकडे चारही बाजूंनी भूजल ओढले जाते आणि विहिरीची पातळी पंपाच्या मर्जीवर येते. आपली विहीर आटली ती पावसाने दगा दिला म्हणून नव्हे, हे पंप थांबल्यावर पाणी परतल्याने जवळजवळ सिद्धच झाले. पुढे खाण पुन्हा सुरू होण्याची चर्चा निघाली तर हा पुरावा उपयोगी पडेल. म्हणून आजपासून दर पंधरवड्याला दोरी सोडून पातळी मोजा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा. आम्हा तज्ज्ञांच्या अहवालांत सहसा एकाच हंगामाची मोजणी असते. घरच्या दोन वर्षांच्या वहीपुढे ती फिकी पडते.

आता पिण्याविषयी. पाणी निळे दिसते म्हणजे ते शुद्ध आहे असे नाही. गाळ तळाशी बसलेला आहे आणि पाणी खोल आहे, एवढेच त्यातून कळते. गोव्यातले खनिज ऑक्साइड स्वरूपाचे असल्यामुळे हे पाणी सहसा आम्लधर्मी नसते, हे आपले सुदैव. पाहायचे ते मँगनीज. लोहखनिजाबरोबर मँगनीज असतेच, आणि खोल, न हलणाऱ्या पाण्याच्या तळाशी प्राणवायू संपला की ते विरघळू लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची स्वीकार्य मर्यादा एका लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत चालते. घरी ओळखण्याची खूण अशी, की टाकीच्या आतल्या भिंतीला काळपट बुळबुळीत थर धरतो आणि पांढऱ्या कपड्यांवर काळपट तपकिरी डाग पडतात. लोहाचा डाग तांबडा असतो, मँगनीजचा काळसर. प्रयोगशाळेला नमुना देताना पृष्ठभागाचे पाणी न देता पंप जिथून उपसतो त्या खोलीचे द्यावे, आणि लोह व मँगनीजबरोबर जंतूंची तपासणीही मागावी. अहवाल येईपर्यंत खंदकाचे पाणी पिऊ नये. बागायतीला वापरण्यास हरकत नाही. काठाची माती ओली आणि ठिसूळ असते, तेव्हा मुलांना पोहायला जाऊ देऊ नका. हे वाक्य अनावश्यक वाटेल, पण मी ते मुद्दाम लिहितो.

प्रश्न : खाण म्हणजे खणणे हे समजते. पण खनिजावर ‘प्रक्रिया’ करतात म्हणजे नक्की काय, तिच्यात रसायने वापरतात का, आणि तिच्यामुळे वेगळा धोका निर्माण होतो का? (एक विद्यार्थिनी, फोंडा)

उत्तर : गोव्याचे खनिज हलक्या प्रतीचे आहे, म्हणून ते सुधारून विकावे लागते. आधी दगड फोडतात, मग निरनिराळ्या जाळ्यांवर चाळतात आणि शेवटी पाण्याने धुतात. धुण्याचे तत्त्व आजी तांदळातले खडे काढते तेच : जड ते खाली राहते, हलके पाण्याबरोबर निघून जाते. लोहकण मातीपेक्षा जड असतात, म्हणून फिरत्या पाण्याच्या शंकूंत आणि नागमोडी पन्हळींत ते वेगळे होतात. उरते ते मातीचे लाल पाणी. त्याला सगळीकडे ‘टेलिंग’ म्हणतात आणि ते साठवण्याच्या तळ्याला टेलिंग पाँड. चांगल्या कारखान्यात हे पाणी दाट करून, निवळलेला भाग पुन्हा धुण्यासाठी फिरवतात.

इथे दोन धोके आहेत, एक रोजचा आणि एक क्वचितचा. रोजचा म्हणजे टेलिंगमध्ये फक्त बारीकच कण उरलेले असतात. पहिल्या उत्तरात ज्या दोन मायक्रॉनच्या कणाची गोष्ट केली, त्याचे इथे एकवटलेले पीकच असते म्हणा. क्वचितचा धोका म्हणजे तळ्याचा बांध फुटणे. ब्राझीलमध्ये मारियाना इथे ५ नोव्हेंबर २०१५ रोजी लोहखनिजाच्या टेलिंगचा बांध फुटला, १९ माणसे गेली आणि चिखल दोसे नदीतून सहाशेहून अधिक किलोमीटर वाहत अटलांटिक महासागरापर्यंत पोहोचला. सव्वातीन वर्षांनी, २५ जानेवारी २०१९ रोजी, त्याच मिनास जेराइस राज्यात ब्रुमाजिन्यो इथे दुसरा बांध फुटला आणि सुमारे २७० माणसे गाडली गेली. दुपारची जेवणाची वेळ होती आणि खाणीचे उपाहारगृह बांधाच्या खालच्या अंगाला होते. दोन्ही बांध एकाच पद्धतीचे होते : साठलेल्या गाळावरच पुढची पायरी उभी करत उंची वाढवायची. पाया म्हणून जो गाळ धरला, तो आतल्या आत पाण्याने भरून द्रवासारखा झाला. ब्राझीलने त्यानंतर या पद्धतीवर बंदी घातली.

आपल्या सह्याद्रीत असा मोठा टेलिंगचा बांध कर्नाटकातल्या कुद्रेमुखला आहे. तिथली खाण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २००५ सालाच्या अखेरीस बंद झाली, पण बांध सांभाळण्याचे काम काही बंद करता आलेले नाही. गोव्यातली तळी त्या मानाने लहान आहेत. मात्र ती पुष्कळ आहेत, गावांच्या डोक्यावर आहेत, आणि आपल्याकडचा पाऊस ब्राझीलच्या त्या भागाच्या जवळजवळ दुप्पट आहे.

रसायनांविषयीही आपण विचारले आहे. लोहखनिज धुताना गाळ लवकर बसावा म्हणून घालतात ती द्रव्ये सोडल्यास विशेष रसायन लागत नाही. सोन्याचे तसे नाही; तिथे सायनाइड वापरतात, आणि रोमानियात बाया मारे इथे जानेवारी २००० मध्ये बांध फुटून सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी तिसा आणि डॅन्यूब नद्यांत गेले. तेव्हा ‘प्रक्रिया म्हणजे विष’ असे सरसकट म्हणू नये. कोणत्या खनिजावर, कशाने, हे आधी विचारावे.

प्रश्न : वणीजवळच्या कोळसा खाणींतून येणारे नाल्याचे पाणी कधी पिवळट तर कधी नारिंगी दिसते. तेही गोव्यासारखी मातीच आहे का? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : बहुधा नाही. कोळशात आणि त्याच्या आसपासच्या खडकात लोह आणि गंधक यांचे संयुग, म्हणजे पायराइट, असू शकते. ते जमिनीत गाडलेले असते तोवर निरुपद्रवी असते. हवा आणि पाणी लागले की त्यातून गंधकाम्ल तयार होते, आणि त्या आम्लात लोहासकट इतर धातूही विरघळतात. पुढे हे पाणी साध्या नाल्याला मिळून आम्ल सौम्य झाले की लोह पुन्हा बाहेर पडते आणि दगडांवर नारिंगी थर बसतो. मेघालयातल्या जयंतिया टेकड्यांत याच कारणाने नद्यांतले मासे संपले. खूण सोपी आहे : गोव्याचे लाल पाणी बरणीत ठेवले तर कालांतराने निवळते, हे पाणी उगमाजवळ काचेसारखे स्वच्छ असूनही आंबट असू शकते. औषधाच्या दुकानात किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत मिळणारी सामूची (पीएचची) पट्टी बुडवून पाहा. आकडा साडेपाचाच्या खाली आला तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या आणि पट्टीचे छायाचित्र जोडा.

प्रश्न : खनिज वाहतुकीच्या धुळीने खोकला होतो का, की हा नुसता समज आहे? ट्रकवर ताडपत्री असते, रस्त्यावर पाणीही मारतात. (एक गृहिणी, सांगे)

उत्तर : समज नव्हे. २०१०-११ या वर्षी गोव्यातून सुमारे ५ कोटी ४० लाख टन लोहखनिज निर्यात झाले. त्यात काही माल कर्नाटकातलाही होता. आपल्याकडच्या ट्रकमध्ये दहा टन माल धरला आणि पावसाळा वगळून २४० दिवस वाहतूक धरली, तर ढोबळ हिशेबाने दिवसाला साडेबावीस हजार भरलेल्या फेऱ्या होतात, आणि तितक्याच रिकाम्या परतीच्या. सगळा माल एकाच रस्त्याने जात नाही हे खरे, पण खाणीपासून बार्जच्या धक्क्यापर्यंतचे रस्ते मोजकेच होते. ताडपत्री वरची धूळ थांबवते. रस्त्यावर सांडलेला माल चाकाखाली दळला जाऊन त्याची जी पूड होते, ती ताडपत्रीने थांबत नाही. आणि पाणी मारलेला रस्ता मार्च-एप्रिलच्या उन्हात तासाभरात सुकतो.

लोहाची धूळ फुप्फुसात साठते आणि क्ष-किरणाच्या छायाचित्रात दिसते, पण तिच्याहून घातक म्हणजे तिच्याबरोबरची गारगोटीची, म्हणजे सिलिकाची, बारीक धूळ. तिने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. दहा मायक्रॉनपेक्षा लहान धुळीची आपल्या देशातली मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीने एका घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. मोजणी कुठे झाली हे मात्र अवश्य विचारा, कारण पंचायतीच्या गच्चीवर आणि रस्त्याला लागून असलेल्या ओसरीवर आकडे वेगळे येतात. सत्तरीतल्या सोनशीच्या ग्रामस्थांनी २०१७ च्या एप्रिलमध्ये ट्रक अडवले ते याच धुळीसाठी आणि पाण्यासाठी, आणि त्यांना तुरुंगात जावे लागले. वाहतुकीसाठी वस्तीबाहेरून वेगळा रस्ता काढणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे, आणि तो खर्चिक असल्यामुळे प्रत्येक वेळी पुढे ढकलला गेला.

प्रश्न : आता खाणी लिलावाने देतात. मग पूर्वीचे सगळे दोष गेले असे समजायचे का? (एक निवृत्त शिक्षक, डिचोली)

उत्तर : लिलावाने मालकीचा आणि महसुलाचा प्रश्न सुटतो, पाण्याचा आणि मातीचा आपोआप सुटत नाही. पोर्तुगीज काळातल्या खाणकामाच्या सवलतींचे (कन्सेशनचे) १९८७ च्या कायद्याने खाणपट्टे, म्हणजे मुदतीचे भाडेपट्टे, झाले. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये काम थांबले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते पट्टे २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपले होते असे ठरवले, वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली, विक्रीच्या दहा टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितली, आणि पट्ट्याच्या हद्दीबाहेर डंप टाकता येणार नाही असे बजावले. माझ्या मते शेतकऱ्याच्या दृष्टीने शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी झाली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी नूतनीकरण झालेले ८८ पट्टे रद्द झाले, आणि डिसेंबर २०२२ पासून लिलाव सुरू झाले. पहिल्या चार पट्ट्यांत आपला डिचोलीचा पट्टा होता.

नव्या पट्ट्याला पर्यावरण दाखला लागतो आणि त्यासाठी जनसुनावणी होते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो, आणि झालेल्या कामकाजाचा गोषवारा शेवटी उपस्थितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. सुनावणीला गणसंख्येची अट नाही. पाच माणसे आली तरी ती ‘झाली’ असे धरतात. म्हणून जावे, आणि भाषण करण्याऐवजी लेखी मुद्दे द्यावेत : डंप कुठे, तळे केवढे आणि कोणत्या दिवसाचा पाऊस धरून, उपसलेले पाणी कोणत्या व्हाळात सोडणार, विहिरींची आजची पातळी किती. एका सुनावणीत मी स्वतः तळ्याचे आकारमान विचारले, तेव्हा सल्लागारांनी वार्षिक सरासरी पाऊस सांगितला. वार्षिक सरासरीने बांध फुटत नाहीत, एका रात्रीच्या पावसाने फुटतात. हे उत्तर तेव्हा इतिवृत्तात नोंदवून घेतले, एवढेच माझ्या हाती होते.

प्रश्न : डंपांवर आकेशियाची दाट झाडी आली आहे. म्हणजे डोंगर बरा झाला ना? (एक वाचक, केपे)

उत्तर : झाडी आली हे चांगलेच, पण आत शिरून जमीन पाहा. ऑस्ट्रेलियाहून आलेले हे झाड निकृष्ट मातीत वाढते, म्हणून लावले गेले. त्याच्या जाड पाचोळ्याखाली गवत आणि झुडपे फारशी उगवत नाहीत, आणि उतारावरची माती धरण्याचे काम मुख्यतः गवताची दाट मुळे करतात. पाचोळा बाजूला केल्यावर खाली नागडी लाल माती आणि पाण्याने कोरलेल्या घळी दिसल्या, तर वरची हिरवाई फसवी आहे. उतार पायऱ्यांचा करून वाळ्यासारखे खोल मुळांचे गवत आडव्या ओळींत लावावे आणि मग किंदळ, जांभूळ, करंज अशी इथली झाडे आणावीत. हे सारे लवकर जमते ते खाण सुरू होतानाच वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवली असेल तर. ती कुठे ठेवायची याची जागा खाण आराखड्याच्या नकाशावर दाखवलेली असते. आपल्या गावच्या पट्ट्याचा नकाशा मागवा, ती जागा शोधा आणि तिथे जाऊन पाहा, की माती आहे, की तिच्यावरही डंप उभा आहे.